विषय कुठून मिळतात आणि लेखन कसे चालते : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली सत्तावीस वर्षे मी पुण्यात राहून कथा आणि कादंबऱ्या लिहीत आहे. त्यांतली बरीच वर्षे बँकेतली नोकरी सांभाळून लिहिले आणि आता निवृत्तीनंतर पूर्ण वेळ लिहिते. वाचक पत्रे पाठवतात, महाविद्यालयांच्या मराठी विभागांतून बोलावणे येते आणि दर उन्हाळ्यात मी नव्याने लिहू लागलेल्यांसाठी आठ दिवसांचा वर्ग घेते. या सर्व ठिकाणी विचारले जाणारे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. सभागृहात उभ्याने दिलेले उत्तर आटोपशीर होते आणि त्यामुळे बरेचदा अपुरे राहते, म्हणून ती उत्तरे येथे सविस्तर लिहून ठेवत आहे.

तुम्हाला विषय कुठून सुचतात?

हा प्रश्न सर्वांत आधी येतो, आणि पुष्कळ लेखक तो टाळतात. मला मात्र तो अगदी योग्य प्रश्न वाटतो. त्याचे सरसकट उत्तर देता येत नाही. एका कथेचे उत्तर देता येते, म्हणून तेच देते.

आमचा वाडा नारायण पेठेत, नदीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी होता. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला ही दोन्ही धरणे फुटून पुण्यात जो पूर आला, त्यानंतर काही वर्षांनी माझा जन्म झाला. तरीही माझ्या लहानपणीच्या घरात काळाची मोजणी 'पुराच्या आधी' आणि 'पुरानंतर' अशीच चालत असे. जिन्याच्या नवव्या पायरीपर्यंत पाणी आले होते, हे आम्हा मुलांना शाळेतल्या पाढ्यांइतके पाठ होते. या पुरावर कधी काही लिहावे, असे मला वाटले नाही. पुण्यातल्या प्रत्येक जुन्या घरात त्याच्या आठवणी होत्या आणि त्यांत माझी म्हणावी अशी एकही नव्हती.

आजी गेल्यावर तिच्या वस्तूंची वाटणी करताना किल्ल्यांचा जुडगा माझ्या हाती आला. त्यातली एक लांब दांड्याची लोखंडी किल्ली कशाची, हे मला समजेना. वडिलांनी सांगितले की ती खालच्या कोठीच्या दाराची. ते दार चौकटीसकट पुरात वाहून गेले होते आणि त्या जागी पुढे नवे दार, नवे कुलूप बसले होते. तरीही आजी दर दिवाळीला बाकीच्या किल्ल्यांबरोबर या किल्लीलाही खोबरेल तेलाचा हात लावत असे. ते मी स्वतः अनेकदा पाहिले होते, पण पाहताना त्यात विचारण्यासारखे काही आहे असे कळले नव्हते. जे दार उरलेले नाही, त्याची किल्ली गंजू नये याची काळजी माणूस का घेतो? हा प्रश्न मनात आला आणि गेला नाही. मात्र त्यातून कथा झाली नाही. मी दोनदा लिहायला बसले आणि दोन्ही वेळा आजीवरचा एक हळवा लेख तयार झाला, तो मी फाडून टाकला.

अकरा वर्षे गेली. बँकेत माझ्या खिडकीवर एक गृहस्थ दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येत आणि पासबुकात नोंद करून मागत. त्या खात्यात वर्षभर एकही व्यवहार झालेला नव्हता, त्यामुळे नोंदवण्यासारखे काही नसे. तसे मी सांगितले की ते मान हलवत, पासबुक पिशवीत ठेवत आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येत. एके दिवशी ते परत वळत असताना मला आजीचा तेलकट हात आठवला. त्या संध्याकाळी मी लिहायला बसले आणि नऊ दिवसांत कथा पूर्ण झाली. कथेत पूर नाही, बँकही नाही.

यावरून मला जे समजले ते असे. घटना सगळीकडे पडलेल्या असतात आणि त्यांचा तुटवडा कोणालाच नसतो. ज्याचे उत्तर आपल्याजवळ नाही आणि जो आपल्याला सोडतही नाही, असा प्रश्न मात्र क्वचित सापडतो. तो सापडला तरी एकटा पुरत नाही, त्याला दुसऱ्या कुठल्या तरी ठिकाणाहून आलेले काही जोडीला लागते. ते कधी येईल हे ठरवता येत नाही. ते येईल तेव्हा ओळखू येईल इतके जागे राहणे, एवढेच आपल्या हाती असते.

म्हणजे प्रतिभा असे काही नसतेच का?

असते. पण ती एकटीने काम करते असे आपल्याकडच्या जुन्या शास्त्रकारांनीही मानलेले नाही. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने काव्याच्या निर्मितीचे कारण सांगताना तीन गोष्टी एकत्र घेतल्या आहेत : शक्ती, म्हणजे जन्मजात प्रतिभा, निपुणता, म्हणजे लोक, शास्त्र आणि काव्य यांच्या निरीक्षणातून आलेली जाण, आणि जाणकारांच्या हाताखाली केलेला अभ्यास. या तिन्हींसाठी त्याने 'हेतू' हा शब्द एकवचनात वापरला आहे आणि तो मुद्दाम वापरला आहे, असे स्वतःच स्पष्ट केले आहे. ही तीन वेगवेगळी कारणे नसून तिन्ही मिळून एकच कारण होते, असा त्याचा अर्थ. मला त्यातली आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. निरीक्षणाचे विषय सांगताना त्याने शास्त्र आणि काव्य यांच्याआधी लोक हा शब्द ठेवला आहे. छंदाची सोय हे त्याचे कारण असेलही, पण माझ्या वर्गात येणाऱ्यांना मी तो क्रम तसाच पाळायला सांगते.

निरीक्षणासाठी पुण्यात तुम्ही कुठे जाता?

विषय शोधायला म्हणून मी कुठेही जात नाही. तसे ठरवून गेले की माणसे विषयासारखी दिसू लागतात आणि मग ती नीट दिसत नाहीत. मी माझ्या कामाला जाते आणि कान उघडे ठेवते.

मंडईत मी लहानपणापासून जाते. १८८६ मध्ये बांधलेल्या त्या दगडी इमारतीत आणि भोवतालच्या रस्त्यांवर सकाळी जी मराठी ऐकू येते, तीत घाटावरचे, मावळातले, सोलापूरकडचे आणि आता मराठवाड्यातलेही सूर असतात. पावसाने झोडपलेल्या एका सकाळी एक फूलवाली शेजारणीला म्हणाली, "आज गिऱ्हाईक न्हाई, नुसती माणसंच येत्यात." विकणाऱ्याच्या दृष्टीने हे साधे गाऱ्हाणे होते. मला त्या वाक्याने एका कादंबरीतला दुकानदार दिला, कारण कोणत्या क्षणी माणसाचे गिऱ्हाईक होते आणि कोणत्या क्षणी ते पुन्हा माणूस होते, हे त्याला ठाऊक असणार असे मला जाणवले.

पीएमपीच्या बसमध्येही पुष्कळ ऐकायला मिळते, विशेषतः स्वारगेटहून शहराबाहेर जाणाऱ्या लांबच्या फेऱ्यांत. सोबत बसलेली दोन माणसे अर्ध्या तासानंतर आपापसांत वेगळ्या आवाजात बोलू लागतात. आषाढी वारीच्या काळात ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेत आणि तुकोबांची नाना पेठेत मुक्कामाला असते. तेव्हा पहाटे त्या भागातून चालत गेले, तर आपल्या गावातली उसनवारी, पेरणी आणि सुनेचे बाळंतपण यांविषयी बोलणारे वारकरी भेटतात. भक्तीवर लिहिण्याची इच्छा असणाऱ्यांनी ते बोलणे आधी ऐकावे, असे मला मनापासून वाटते.

ऐतिहासिक लेखन करणाऱ्यांसाठी पुण्यासारखे शहर दुसरे नाही. पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तराचे कागद कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत असतात आणि त्या गठ्ठ्याला 'रुमाल' असेच म्हणतात. बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत, त्यामुळे ती लिपी शिकल्याखेरीज तेथे जाऊन फारसा उपयोग नाही. शहरात मोडीचे वर्ग चालतात. असे जुने कागद जमवण्याचे आणि अभ्यासण्याचे काम भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून करत आले आहे. लढायांची माहिती छापील ग्रंथांत मिळते. तूप किती लागले, कोणाच्या लग्नाला किती रुपये उसने दिले, पाण्याच्या वाटपावरून कोण कोणाशी भांडले, हे तपशील मात्र अशा कागदांत मिळतात आणि कादंबरीला तेच लागतात.

टिपणवही ठेवता का? तीत काय लिहिता?

ठेवते. हाताच्या तळव्याएवढी वही आणि पेन्सिल सतत जवळ असते. तीत ऐकलेले वाक्य जसेच्या तसे, तारीख आणि ठिकाण एवढेच लिहिते. त्या वाक्याविषयी मला काय वाटले, ते लिहीत नाही. अर्थ लिहून ठेवला की काही वर्षांनी तोच आठवतो आणि मूळ वाक्य मरून जाते. वह्या वर्षातून एकदा, पितृपंधरवड्यात, पहिल्यापासून वाचून काढते.

ही सवय फार जुनी आहे. सुमारे एक हजार शंभर वर्षांपूर्वी राजशेखराने काव्यमीमांसा या ग्रंथात कवीच्या दिनचर्येवर स्वतंत्र अध्याय लिहिला. कवीच्या हाताशी फळी आणि खडू, लेखणी, दौत, ताडपत्रे किंवा भूर्जपत्रे कायम असावीत, असे त्यात सांगितले आहे. राजशेखर कनौजच्या दरबारात होता, पण त्याच्या पणजोबांचा उल्लेख 'महाराष्ट्रचूडामणी' असा होतो. त्यामुळे आपल्या मुलखाशी नाते असलेल्या लेखकाने हा विषय इतक्या बारकाईने हाताळला, याचे मला विशेष अप्रूप आहे.

तुमच्या दिवसाचे वेळापत्रक कसे असते?

याच राजशेखराने दिवसाचे चार प्रहर वाटून दिले आहेत. पहिल्या प्रहरी विद्यांचा अभ्यास, दुसऱ्या प्रहरी रचना, तिसऱ्या प्रहरी काव्यगोष्ठी, म्हणजे जाणकारांशी चर्चा, आणि चौथ्या प्रहरी सकाळी रचलेल्या मजकुराची परीक्षा. त्यातली शेवटची सूचना मी तंतोतंत पाळते, कारण तिच्यामागचे कारण त्याने अचूक ओळखले आहे : रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याची विवेचक दृष्टी त्या वेळी जागी नसते.

नोकरीच्या काळात मला मिळणारा वेळ पहाटे पाच ते सात एवढाच होता. सात वाजता डबे, मग नऊची बस. त्या दोन तासांत रोज दोन पाने लिहायची, असे ठरवले होते आणि दोन पाने झाली की उरलेल्या वेळातही पुढे जायचे नाही, हेही ठरवले होते. दुसरा नियम पहिल्याहून अधिक उपयोगी पडला. वाक्य पूर्ण सुचलेले असताना थांबल्यामुळे दुसऱ्या दिवशी कोऱ्या पानासमोर बसावे लागत नसे. आता दिवस माझा आहे, तरी लेखनाची वेळ मी बदललेली नाही. दुपारी वाचन, पत्रे आणि मुद्रितांचे काम करते. संध्याकाळी सहाच्या सुमारास सकाळची पाने हातात घेते आणि लाल पेन्सिलीने खुणा करते. मात्र दुरुस्ती तेव्हा करत नाही, ती दुसऱ्या दिवशी सकाळी करते.

नोकरीमुळे लेखनाचे नुकसान झाले का, असे मला अनेकदा विचारले जाते. वेळेचे झाले. पण रोज शंभरेक माणसांशी कामापुरते बोलावे लागल्यामुळे मला जी बोलण्याची पद्धत, लाज, रोखठोकपणा आणि पैशाविषयीचा संकोच जवळून दिसला, तो घरी बसून दिसला नसता.

हाताने लिहिता की संगणकावर?

पहिला खर्डा पाठकोऱ्या कागदांवर पेन्सिलीने लिहिते, दुसरा संगणकावर युनिकोडमध्ये टंकलिखित करते. पाठकोरा कागद आधीच एका बाजूने वापरलेला असल्यामुळे त्यावर चुकण्याची भीती वाटत नाही. ज्यांना थेट संगणकावर लिहिणे सोयीचे वाटते त्यांनी तसेच लिहावे. याला मी फारसे महत्त्व देत नाही.

एक मजकूर किती वेळा पुन्हा लिहिता?

कथा सहसा चार वेळा. कादंबरीतील काही प्रकरणे दहा वेळाही लिहिली आहेत.

पुनर्लेखन म्हणजे शब्द बदलून वाक्य गोंडस करणे, असा समज वर्गात नेहमी आढळतो. माझ्या कामात पहिल्या पुनर्लेखनात शब्दांना हातही लागत नाही. त्या वेळी मी फक्त एवढेच पाहते की कथा जिथे सुरू झाली आहे तिथे ती खरोखर सुरू होते का. जवळजवळ प्रत्येक वेळी पहिली दीड-दोन पाने जातात, कारण ती मी स्वतःला कथेत शिरता यावे म्हणून लिहिलेली असतात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक पात्राचे बोलणे वेगळे काढून सलग वाचते. दोन पात्रे एकाच आवाजात बोलत असतील, तर ते इथे पकडता येते. तिसऱ्या फेरीत सगळा मजकूर मोठ्याने वाचते. मराठी वाक्याचा तोल बहुतेक वेळा क्रियापदावर सांभाळला जातो आणि ते वाक्याच्या शेवटी येते. त्यामुळे लांब वाक्यात क्रियापद येईपर्यंत श्वास पुरत नसेल, तर वाचकाचे लक्षही पुरणार नाही, हे मोठ्याने वाचल्याशिवाय कळत नाही. शब्दांची निवड चौथ्या फेरीत होते.

धीर सुटू लागला की मी भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या बाजूने एक फेरी मारते. तेथे महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. १९२५ पासून प्रमुख संपादक असलेले विष्णु सीताराम सुकथनकर १९४३ मध्ये वारले. पुढची धुरा आधी बेलवलकरांनी आणि नंतर वैद्यांनी वाहिली. भारतभरातून मिळवलेल्या हस्तलिखितांतील पाठ एकेका श्लोकासाठी एकाखाली एक मांडून, अक्षर अक्षर ताडून पाहत ही माणसे सत्तेचाळीस वर्षे काम करत राहिली. कथेच्या चार खर्ड्यांशी त्या कामाची तुलना करण्याचा माझा हेतू नाही. एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द असावा की नसावा यासाठी माणसे किती थांबू शकतात, हे याच शहरात, चालत जाण्याच्या अंतरावर पाहायला मिळते, म्हणून ते सांगावेसे वाटले.

लेखन मध्येच अडले तर काय करता?

आधी ते का अडले ते पाहते. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा पुढे काय होणार हे ठाऊक नसल्यामुळे लेखन अडत नाही. मागे कुठे तरी मी पात्राला त्याच्या स्वभावाविरुद्ध वागायला लावलेले असते आणि ते पात्र आता पुढे यायला तयार नसते. अशा वेळी शेवटच्या पानाशी झटण्यात अर्थ नसतो. दहा-बारा पाने मागे जाऊन ती जागा शोधावी लागते. माझी एक कादंबरी सात महिने अडली होती. शेवटी लक्षात आले की तिसऱ्या प्रकरणात एका विधवा बाईने दिराकडे घराच्या हिश्शाची मागणी केली होती, आणि ती बाई कितीही गरज असली तरी तोंडाने मागणारी नव्हती. ती मागणी काढून टाकल्यावर पुढची ऐंशी पाने बदलावी लागली, पण काम पुढे सरकले.

माहिती कमी पडल्यामुळेही लेखन अडते, आणि त्याचा उपाय सोपा आहे. लोहाराच्या भात्याविषयी लिहायचे असेल तर लोहाराकडे जाऊन बसावे.

कधी कधी मात्र लेखक थकलेला असतो, आजारी असतो किंवा घरात दुःख असते. अशा वेळी लेखन थांबले तर थांबू द्यावे. आईच्या शेवटच्या आजारपणात मी चौदा महिने एक ओळही लिहिली नाही, आणि त्या काळाची मला आजही खंत वाटत नाही.

नातेवाइकांवर, ओळखीच्या माणसांवर लिहिता का? त्यांची परवानगी घेता का?

या प्रश्नाचे उत्तर मी एका चुकीतून शिकले. लेखनाच्या सुरुवातीच्या काळात मी माझ्या एका मावशीच्या आजारपणावरून कथा लिहिली. नाव, गाव, वय सर्व बदलले होते आणि कोणालाही ओळखता येणार नाही अशी माझी खात्री होती. अंक घरी आल्यावर मावशीने ती वाचली. रागावणे तिच्या स्वभावात नव्हते. ती एवढेच म्हणाली, "मी ते तुला सांगितलं होतं, कागदाला नाही." त्यानंतर ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागली, पण तिने स्वतःविषयी मला पुन्हा कधी काही सांगितले नाही. कथा चांगली होती, असे मला आजही वाटते, आणि तरीही ती मी कोणत्याही संग्रहात घेतलेली नाही.

तेव्हापासून मी विश्वासाने सांगितलेल्या आणि सहज दिसलेल्या गोष्टींत फरक करते. मंडईत ऐकलेले वाक्य मी घेते. कोणी मन मोकळे करताना सांगितलेले वाक्य, त्या व्यक्तीला विचारल्याशिवाय घेत नाही, आणि ती व्यक्ती हयात नसेल तर तिच्या जवळच्यांना विचारते. पात्र रचताना एका माणसाचा चेहरा, दुसऱ्याची चाल आणि तिसऱ्याची भीती एकत्र केली की ओळख पुसली जाते, असा सल्ला नव्या लेखकांना नेहमी दिला जातो. तो तंत्राच्या दृष्टीने बरोबर आहे, पण ज्याची भीती आपण घेतली त्याला ती कुठल्याही चेहऱ्यावर ओळखता येते.

दुसऱ्याची कल्पना घेणे ही चोरी ठरते का? आणि माझी कल्पना कोणी घेतली तर?

कायद्याच्या दृष्टीने उत्तर स्पष्ट आहे. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्याचे संरक्षण कल्पनेला मिळत नाही. ती कल्पना ज्या शब्दांत आणि ज्या मांडणीत व्यक्त झाली असेल, त्या अभिव्यक्तीला मिळते. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मधील एका निकालात हे तत्त्व विस्ताराने मांडले आहे. हे संरक्षण लेखन पूर्ण होताच मिळते, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. ते लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरची ६० वर्षे टिकते. म्हणून आपला विषय कोणाला कळेल या भीतीने तो लपवून ठेवण्यापेक्षा तो लिहून काढणे हेच खरे संरक्षण आहे.

नीतीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे, आणि त्याबाबतीतही राजशेखर उपयोगी पडतो. चोर नसलेला कवी नाही आणि चोर नसलेला वाणी नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. घेतलेल्या अर्थाच्या त्याने पायऱ्या केल्या आहेत. केवळ प्रतिबिंबासारखा, म्हणजे शब्द बदलून तोच अर्थ सांगणारा; चित्रासारखा, म्हणजे थोडा संस्कार केल्याने वेगळा भासणारा; दोन देहांमध्ये साम्य असावे तसा, म्हणजे विषय वेगळा असूनही सारखा वाटणारा; आणि परक्या नगरात प्रवेश केल्यासारखा, जिथे गाभा तोच पण रचना संपूर्ण निराळी. पहिला प्रकार टाळावा, असे जुने आचार्य सांगतात. मी स्वतः एक साधी कसोटी लावते. मूळ लेखन मिटून ठेवल्यावर माझ्याजवळ त्या विषयी सांगण्यासारखे माझे काही उरते का? उरत नसेल तर तो विषय मी सोडून देते.

दिवाळी अंकांसाठी मागणीनुसार लिहिणे तुम्हाला कमी दर्जाचे वाटते का?

मुळीच वाटत नाही. १९०९ मध्ये काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी मनोरंजन या मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि तेव्हापासून मराठी कथेचे वर्ष या अंकांभोवती फिरत आले आहे. त्याआधीही हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये पुण्यात सुरू केलेल्या करमणूक या साप्ताहिकातून आपल्या कादंबऱ्या क्रमशः लिहिल्या. अंकाचा दिवस ठरलेला असे आणि मजकूर द्यावाच लागे. मागणीमुळे लेखन खालावते असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास ध्यानात घ्यावा.

मला संपादकांची पत्रे साधारण चैत्र-वैशाखात येतात आणि कथा श्रावणापर्यंत द्यायची असते. मी वर्षाला दोनच कथा स्वीकारते. आधीपासून मनात असलेला प्रश्न मुदतीमुळे कागदावर येतो, त्यामुळे मुदतीचा मला फायदाच झाला आहे. मुदतीसाठी नवा प्रश्न तयार करायला गेले तेव्हा मात्र कथा पोकळ झाली. अशा दोन कथा छापून आल्या आहेत, आणि त्या छापायला दिल्याची जबाबदारी सर्वस्वी माझी आहे.

प्रमाण मराठीत लिहावे की बोलीत?

निवेदन ज्याच्या मनातून चालले आहे, त्याच्या भाषेत लिहावे. पेठांमधली मराठी हीच शुद्ध मराठी, असे मानत मी वाढले, आणि मंडईने ते मानणे मोडून काढले. बोली वापरायची असेल तर ती शब्दांच्या रूपांपुरती वापरू नये. वाक्याची घडण, शिव्या, म्हणी आणि न बोलण्याच्या जागाही त्या बोलीतल्याच हव्यात, अन्यथा ती वेशभूषेसारखी दिसते. ज्या बोलीत आपण निदान काही महिने राहिलो नाही, ती पात्राच्या तोंडी घालू नये, असे माझे मत आहे.

शब्दांसाठी माझ्या टेबलावर दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश असतो. त्याचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात पुण्यात प्रसिद्ध झाले. सोबतीला मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती असते. शेतीची अवजारे, घराचे भाग, पावसाचे प्रकार यांचे शब्द या दोन कोशांत इतके आहेत की त्यांतले एखादे पान रोज वाचावे. लेखननियमांबाबत, म्हणजे १९६२ चे चौदा आणि १९७२ मध्ये वाढवलेले चार नियम यांबाबत, मुद्रितशोधकाशी वाद घालू नये. आधी नियम वाचावेत.

केवळ लेखनावर चरितार्थ चालतो का?

माझा चालला नाही, आणि मराठीत कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या माझ्या ओळखीतल्या कोणाचाही चाललेला नाही. नोकरी सोडण्यापूर्वी हे लक्षात घ्यावे.

माझे हस्तलिखित वाचून अभिप्राय द्याल का?

वर्गात आलेल्यांचे वाचते. इतरांचे वाचणे वेळेअभावी शक्य होत नाही, याचे मला वाईट वाटते. त्याऐवजी दोन-तीन समवयस्क लेखकांनी एकत्र येऊन दर पंधरवड्याला एकमेकांचे लेखन मोठ्याने वाचावे आणि लिहिणाऱ्याने त्या वेळी गप्प राहून फक्त ऐकावे, असे सुचवते. ऐकणारा कुठे चुळबुळ करतो, हे पाहिले की बरेचसे कळते.

सध्या काय लिहीत आहात?

नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी बंदिस्त नळाने पुण्यात पाणी आणले गेले आणि ते शहरातल्या हौदांमध्ये सोडले गेले. आमच्या नात्यातल्या एका वाड्यात असा हौद होता. तो कोरडा पडल्यावर त्यावर फरशी घातली आणि त्या फरशीवर पुढे तीन पिढ्यांनी मुंजी, बारशी आणि श्राद्धे केली. वाडा पाडायला घेतला तेव्हा कामगारांनी ती फरशी उचलली, आणि खाली गुडघाभर स्वच्छ पाणी होते. पाहायला जमलेल्या माणसांपैकी फक्त एका म्हातारीला त्याचे आश्चर्य वाटले नाही. ती तिथून शांतपणे घरात निघून गेली. तिला ते आधीपासून ठाऊक होते का, आणि असल्यास तिने इतकी वर्षे कोणाला का सांगितले नाही, हे मला अजून कळलेले नाही. आतापर्यंत चाळीस पाने झाली आहेत.